दोराची मुंडी

दोर वळणाऱ्याला पाठमोरं चालावं लागतं. कमरेला घायपाताच्या वाखाचा पुडका बांधायचा, त्यातले चार तंतू ओढून चाकाच्या आकड्याला अडकवायचे, आणि चाक फिरू लागलं की बोटांनी वाख सोडत सोडत एकेक पाऊल मागे सरकायचं. तोंड चाकाकडे, पाठ रस्त्याकडे. वळलेलं सगळं डोळ्यांसमोर असतं. मागून काय येतंय ते मात्र दिसत नाही.

पूर्वी हे चालणं घरच्या सुनेचं नव्हतं, तिच्या नवऱ्याचं होतं. आता ते तिच्याकडे आलं होतं आणि चाक सासूकडे. नवरा आत बसून वाख विंचरायचा, तोही डाव्या हातानं. दार अर्धं लोटलेलं असायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, दोरवाला आत काहीतरी नाजूक काम करत बसलाय.

सासू चाक फिरवताना गायची. तिचं गाणं म्हणजे एकच ओळ, तिची तिनंच जुळवलेली. "फिरव देवा फिरव, तुझ्याच हाती चाक." आवाज फुटक्या घागरीसारखा, पण ताल असा पक्का की सुनेची पावलं त्यावर आपोआप पडायची. उन्हानं अंगण तापलं होतं. वाखाची कुसं तिच्या घामाला चिकटली होती, गळ्याशी, कोपरांच्या आत. बोटांच्या पेरांना पडलेल्या चिरांत ती रोज तेल भरायची आणि रोज त्या पुन्हा उघडायच्या. तिला ते काही वाटत नव्हतं. तिचं सगळं लक्ष सासूच्या तोंडाकडे असायचं, कारण सासूला रस्ता दिसायचा.

"फिरव देवा..." आणि गाणं थांबलं. चाकही थांबलं.

सुनेनं मागे वळून पाहिलं नाही. म्हातारीचा खालचा ओठ आत ओढला गेला होता. तेवढ्यावरून तिला कळलं. मग मोटारसायकलचा आवाज आला, जवळ आला, आणि अगदी तिच्या पाठीशी येऊन बंद पडला. तिच्या पाठीची कातडी थंड झाली. हातातला पेड तिनं घट्ट धरून ठेवला. सोडला असता तर सकाळपासूनचा पीळ सुटून गेला असता.

"काय गं म्हातारे, गाणं का बंद केलंस? मी आलो म्हणून?"

हवालदार होता. त्याच्या बुटांना लोखंडी नाल ठोकलेले, म्हणून लोक त्याला मागून नालवाला म्हणायचे. समोर साहेब.

"नाही हो साहेब," सासू म्हणाली. "घसा कोरडा पडला."

"मग चहा टाक. तुझाही घसा ओला होईल, माझाही."

तो असाच यायचा. कधी आठवड्यानं, कधी लागोपाठ. यायचा, खाटेवर बसायचा, चहा प्यायचा. ह्यांनी सरकारकडे केलेल्या अर्जाचं नाव त्यानं एकदाही काढलं नव्हतं. नुसता चौकशी करायचा. विहिरीला पाणी आहे का, छपराचं काय केलं, पोरगी मामाकडेच असते ना अजून, तिच्या शाळेचा रस्ता बराच ओसाड आहे म्हणे. एवढंच. आणि पोरीचं नाव निघालं की सून उठून चुलीशी जायची.

आज तो एकटा नव्हता. मोटारसायकलवर मागे बाजारातला दुकानदार बसून आला होता, जो ह्यांचे दोर विकत घ्यायचा. तो उतरून नुसता हसला. त्याला कुठे बसावं ते कळत नव्हतं.

"दोरवाल्या," हवालदारानं आत बघत हाक मारली, "बाहेर ये की. नव्या नवरीसारखा लाजतोस काय?"

नवरा बाहेर आला. उजवा हात त्यानं खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळून घेतला होता, जणू नुकतेच हात पुसत होता.

भिंतीला तयार दोरांची वेटोळी टांगलेली होती. हवालदारानं एक उतरवलं. दोर संपला की त्याचे तिन्ही पेड थोडे उलगडून पुन्हा आत विणतात, म्हणजे दोन्ही टोकांना लिंबाएवढी गाठ होते. तिला मुंडी म्हणायचं. दर वळणाऱ्याची मुंडी वेगळी, माणसाच्या सहीसारखी. हवालदारानं ती अंगठ्यानं चोळली, उन्हात धरली, दुकानदाराला दाखवली.

"काय देखणी आहे! ह्याचीच ना ही?"

"ह्याचीच," दुकानदार म्हणाला. "बाजारात आंधळाही ओळखेल."

"तूच वळलास ना रे हा?"

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. सासूनं चहाचं भांडं तसंच हातात धरलं. नवऱ्यानं हवालदाराकडे पाहिलं नाही. त्यानं पाहिलं दुकानदाराकडे. बापाच्या वेळेपासून ह्याच घरचा दोर घेणारा माणूस. दोरवाल्याचा हात गेला हे बाजारात कळलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी दुसरा वळणारा शोधला असता. म्हणून तर नवऱ्यानं बायकोला ही मुंडी शिकवली होती आणि बजावलं होतं, माझीच मार, कुणाला कळता कामा नये.

"मीच," तो म्हणाला. "दुसरं कोण वळणार?"

"ऐकलंत ना?" हवालदार दुकानदाराकडे वळून म्हणाला. मग त्यानं दोर खांद्यावर टाकला. "चौकीच्या विहिरीला हवाच होता."

आणि त्यानं पैसे दिले. खिशातून काढून खाटेवर ठेवले. भाजीवाल्याकडून टोपली उचलून नेणारा, चहाचे पैसे कधी न देणारा माणूस पैसे ठेवून गेला. मोटारसायकल लांब गेली तरी कुणी त्या पैशांना हात लावला नाही. खाटेवर साप पडलेला असावा तसे ते तिघे त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

"अरे, काय बोललास हे?" म्हातारी आधी बोलली. "तोंडाला काही दार आहे की नाही?"

"दुकानदार होता समोर."

"दुकानदार होता! आणि पुढच्या आठवड्यात चौकशीला मोठा साहेब असेल समोर, तेव्हा काय सांगशील? हात गेला म्हणून भरपाई मागतोय, आणि हा बघा माझा ताजा दोर?"

नवऱ्याच्या आता ध्यानात आलं. तो हळूहळू खाली बसला. टॉवेल सुटला आणि हात मांडीवर पडला, मनगटातून लोंबणारा, बोटं आत वळलेली. त्या हाताला आता माशी बसलेली कळायची नाही.

झालं होतं ते असं. एका बागायतदाराच्या विहिरीतला पंप चोरीला गेला. विहिरीच्या काठावर दोर सापडला, आणि त्याच्या टोकाला ह्याची मुंडी होती. तेवढ्यावर नालवाला ह्याला घेऊन गेला. दोर तुझा, मग चोर तूच. साहेब, मी दोर विकतो, तो कोण कशाला वापरतो ते मला काय माहीत, असं हा सांगत राहिला. त्यांनी त्याच दोरानं ह्याचे हात मागे खेचून खिडकीच्या गजाला बांधले आणि तसंच ठेवलं. हात बधिर झाले म्हणून ओरडला तेव्हा कुणीतरी आतून म्हणालं, झोपू दे रे. खरे चोर दुसऱ्याच गावात पकडले गेले, पंपासकट. ह्याला पायी घरी पाठवलं. डावा हात काही दिवसांत परत आला, उजवा आला नाही. घरी आल्यावर त्यानं बायकोला एवढंच सांगितलं होतं, "माझाच दोर होता. चांगला वळला होता गं. जरासुद्धा सैल झाला नाही."

डॉक्टर म्हणाला, नस दाबली गेली आहे. मोठ्या इस्पितळात उघडून मोकळी करता येते, पण उशीर केलात तर मग कायमचं. तिथला खर्च ऐकून तिघे उठून बाहेर आले होते. मग शहरातल्या एका वकीलबाईनं सांगितलं की तुमचा हात पोलिसांनी घालवला, तर तो सरकारनं भरून द्यायला हवा. मागायला लाज कसली? म्हणून अर्ज केला. अर्ज केल्यापासून मोटारसायकल येऊ लागली. त्या दिवसापासून पोरगी मामाकडे होती.

चौकशीच्या आधीचे दिवस कसे गेले ते ज्याचं त्याला माहीत. काम थांबवून चालणार नव्हतं. सून मागे मागे चालायची, आणि आता तिला चाकाच्या करकरीत मोटारसायकल ऐकू यायची, वाऱ्यात ऐकू यायची, चुलीतल्या जाळात ऐकू यायची. दोनदा तिच्या हातून पेड सुटला. विहिरीवर बाया तिच्याशी बोलायच्या, पण घागर उचलता उचलता, निघायला एक पाय पुढे टाकून.

एका दुपारी ती वाख आणायला घरामागे गेली. नवरा भिंतीशी उकिडवा बसला होता. दोराचा तुकडा गुडघ्यांत धरलेला, एक पेड दातांत, एक डाव्या हातात. उजव्या हाताचं मनगट तो तिसऱ्या पेडावर नुसतं दाबत होता, खुंटी दाबावी तसं. ओठ फाटून रक्त आलं होतं. तिला पाहून त्यानं पेड तोंडातून काढला.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "अर्ज मागे घेऊ. हात गेला तो गेला. पोरीला घरी आणू."

"आणि अर्ज मागे घेतला की तो यायचा थांबेल?"

"थांबेल कदाचित."

"कदाचित," ती म्हणाली, आणि तिलाच वाटलं की हो म्हणावं. आजच्या आज हो म्हणावं, पोरीला आणावं, दाराला आतून कडी लावावी. तिनं वाख उचलला. "आईंना विचारा."

आई ओट्यावरूनच ओरडली, "मला काय विचारता? मला नालांची भीती वाटते, तुला नालांची भीती वाटते, तिला वाटते. एकाला जरी वाटत नसती तर त्याचं ऐकलं असतं. तिघंही भेदरट, मग जाऊन तरी येऊ!"

नवरा हसला. ओठ फाटलेला असल्यानं त्याला ते दुखलं.

चौकशीला नवराबायको दोघंच निघाली. म्हातारीनं बसच्या थांब्यापर्यंत येऊन दोघांच्या पाठीवरून हात फिरवला, देवाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "खरं तेवढं बोला. आठवायचे कष्ट पडत नाहीत." हवालदारानं नेलेला दोर चौकीत आहे हे तिघांनाही माहीत होतं. त्याबद्दल कुणी बोललं नाही.

बसमध्ये गर्दी होती. पुढच्या थांब्यावर नालांचा आवाज पायरीवर वाजला. हवालदार चढला, दोघांच्या मागे येऊन उभा राहिला. नवऱ्यानं डाव्या हातानं वरची दांडी धरली होती. वळणावर बस कलली, त्याचा तोल गेला, उजवा हात सवयीनं वर गेला आणि नुसता हवेत लोंबला. मागून हवालदारानं त्याचं कोपर धरलं.

"सांभाळून. पडशील," तो कानाशी म्हणाला. अगदी मायेनं.

त्यानं कोपर सोडलं नाही. शहर येईपर्यंत तसंच धरून ठेवलं. नवऱ्याच्या मानेवरून घाम उतरत होता आणि बायको त्याच्याकडे बघू शकत नव्हती. खिडकीबाहेर बघितलं तर काचेत हवालदाराचं तोंड दिसायचं.

वकीलबाई फाटकाशी वाट बघत होती. काळ्या कोटाला बटण एक कमी होतं, हातात पाण्याची बाटली. तिनं दोघांना बाजूला घेतलं.

"ताई, नवीन काही घडलं का? कुणी घरी आलं होतं?"

हवालदार फाटकाला टेकून उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो सांगेल असं तिला वाटलं, ती सांगेल असं त्याला.

"नाही," नवरा म्हणाला.

चौकशीची खोली लांबट होती. एका टोकाला टेबल, त्यामागे चौकशीसाठी नेमलेला साहेब. म्हातारा, सर्दी झालेला, सारखा रुमाल शोधणारा माणूस. पंखा फिरताना खट खट वाजत होता. साहेबानं वाचलं, विचारलं, लिहून घेतलं. दुकानदारही भिंतीपाशी बसला होता. पोलिसांनी त्याला साक्षीला आणलं होतं. तो हसला नाही.

टेबलावर एक दोर आधीच होता. जुना, मळलेला, टोकाला कागदाची चिठ्ठी. वकीलबाईनं मागणी करून तो चौकीतून मागवला होता, हात बांधलेला दोर म्हणून. नवऱ्यानं तो पाहिला आणि त्याचा श्वास वाजू लागला. खुर्चीत बसल्या बसल्या त्याचे खांदे आपोआप मागे गेले, हात बांधलेले असावेत तसे. बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सदरा भिजला होता.

मग हवालदार उठला आणि त्यानं त्याच्याशेजारी नवा दोर ठेवला. "साहेब, हा मी गेल्या आठवड्यात ह्याच्या घरून विकत घेतला. पैसे देऊन. मुंडी बघा. आणि ह्यानं स्वतः सांगितलं, मीच वळला. दुकानदार समोर होते."

साहेबानं दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदार उठला. "सांगितलं होतं," तो म्हणाला, आणि खाली बसला.

वकीलबाई वळून दोघांकडे पाहत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पाहत राहिली.

"हा दोर तू वळलास?" साहेबानं विचारलं.

नवऱ्यानं दुकानदाराकडे पाहिलं. साहेबानं नवा दोर उचलला, एका टोकाचे पेड सोडवून मोकळे केले, दुसऱ्या टोकाची मुंडी तशीच ठेवली, आणि दोर पुढे सरकवला. "बरं. ही गाठ पुन्हा मारून दाखव."

तो टेबलाशी गेला. डाव्या हातानं दोर धरला. उजवा हात टेबलावर ठेवला, तो हात नसून दुसऱ्या कुणाची वस्तू असल्यासारखा. बोटांना हुकूम दिलेला त्याच्या कपाळावर दिसत होता. शिरा फुगल्या, मान थरथरली. बोटं हलली नाहीत. त्यानं मनगटानं पेड दाबला, तो निसटला. पुन्हा दाबला. मग सवयीनं तो खाली वाकला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं पेड दातांत धरला.

मागे कुणीतरी हसलं.

"नाटक आहे साहेब," हवालदार म्हणाला. "नाटक कुणालाही करता येतं."

"मी वळलाय," ती म्हणाली.

आपण उठून उभ्या आहोत हे तिला तेव्हा कळलं. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली होती. नालवालाही तिच्याकडे बघत होता, अगदी शांतपणे, आणि तिच्या डोळ्यांपुढे मामाच्या गावचा शाळेचा रस्ता उभा राहिला.

"दोर मी वळलाय. हिवाळ्यापासून मीच वळते. मुंडी मीच मारते. ह्यांनी शिकवली. बाजारात कळू नये म्हणून."

"बायको आहे साहेब, बोलणारच," हवालदार म्हणाला.

साहेबानं नाक पुसलं. "मग तू मारून दाखव."

ती टेबलापाशी गेली. दोर हातात घेतला. बोटं एकमेकांवर आपटत होती. रोज डोळे मिटून मारायची ती गाठ, पण आता तिला पेड तीन आहेत की तीस तेच कळेना. एक घेतला, तो चुकीचा. सोडला. पुन्हा घेतला. पंखा खट खट वाजत होता. मागे नाल फरशीवर सरकले, जवळ आले, आणि तिच्या हातून दोर खाली पडला.

तो नवऱ्यानं उचलला. डाव्या हातानं उचलून तिच्या तळहातावर ठेवला आणि तिला आपल्याकडे वळवून तिच्यासमोर उभा राहिला, तिच्या आणि हवालदाराच्या मधे.

"माझ्याकडे बघ," तो म्हणाला. "पेड बघू नकोस. थोरला कुठे आहे?"

"हा."

"त्याला खाली घे. खाली झोपव." शब्द जुने होते, बापानं त्याला, आजानं बापाला अशाच शब्दांनी शिकवलं होतं. "आता मधला. त्याला थोरल्याच्या पाठीवर बसव. बसला? घट्ट?"

"बसला."

"आता धाकटा. धाकटा रुसलाय. तो सगळ्यांच्या उलट जातो. जाऊ दे त्याला. उलटा फिरून येईल घरी. ये म्हण."

तिच्या तोंडून खरंच निघालं, "ये." दुकानदारानं मान वर केली. तिची बोटं आता चालू लागली होती. धाकटा पेड वळसा घेऊन निघाला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नवऱ्यानं तिच्या हातांकडे पाहिलं. ती मुंडी मारायला बसली की तो उठून आत जायचा. त्याच्यानं बघवत नव्हतं. आता तो बघत होता, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"थांब," तो म्हणाला. "तू त्याला कुठून आणतेस?"

"तुम्ही दाखवलंत तसंच."

"मी उजवीकडून आणतो."

"तुम्ही समोर बसून दाखवत होतात. मला असंच दिसलं."

त्यानं टेबलावरच्या जुन्या दोराच्या मुंडीकडे एकदा पाहिलं. मग साहेबाकडे वळला. टॉवेल त्यानं खांद्यावरून काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, मी खोटं बोललो होतो. दुकानदार समोर होते म्हणून बोललो. हा दोर माझा नाही. माझ्या हातानं आता होत नाही. माझ्या हातानं पाण्याचा पेलासुद्धा उचलवत नाही, ती भरवते मला." हे बोलताना त्यानं दुकानदाराकडे पाहिलं. "हिची मुंडी डावीकडे फिरते. माझी उजवीकडे. माझी बघायची असेल तर तो दोर बघा. तो मी वळलेला. त्यानंच मला बांधलं होतं."

साहेबानं दोन्ही दोर हातात घेतले. चष्मा कपाळावर चढवला, मुंड्या नाकाशी नेल्या. एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. खोकला आला तरी त्यानं दोर खाली ठेवले नाहीत. मग त्यानं दुकानदाराला बोलावलं आणि दोन्ही टोकं त्याच्यापुढे धरली. दुकानदारानं बोट फिरवून पाहिलं. एकदा हवालदाराकडे पाहिलं.

"हात दोन आहेत साहेब," तो म्हणाला. "ह्या मुंड्या एकाच्या नाहीत."

साहेबानं लिहायला घेतलं. लिहिता लिहिता, वर न बघता, तो म्हणाला, "भरपाई द्यावी असं मी लिहितोय. किती, ते सरकारी डॉक्टर हात बघून सांगतील. इस्पितळाचं मात्र आधी व्हायला हवं, तेही लिहितो." आणि मग हवालदाराला, "बूट वाजवू नका."

बाहेर आल्यावर वकीलबाईनं पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. तिला ती उघडता येईना. वकीलबाईनंच उघडून दिली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मला आधी सांगायचं हं ताई." दोघांनी माना हलवल्या.

परतीच्या बसमध्ये हवालदार नव्हता. प्रत्येक थांब्यावर तिला वाटायचं, आता नाल वाजतील. वाजले नाहीत. त्यानं भीती कमी झाली नाही, उलट ती कुठेही असू शकेल अशी मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत म्हातारी चाकापाशी बसली, तेव्हा तिचा मुलगा बाहेर आला. दार त्यानं पूर्ण उघडं टाकलं.

"आई, उठ तिथून."

"का रे? कुठे जाऊ?"

"बाजूला बस. तू नुसती गा. फिरवतो मी."

"डाव्यानं?"

"दुसरा आहे का?"

"बरं बाबा," म्हातारी उठत म्हणाली, "देवानं ऐकलं म्हणायचं. तुझ्याच हाती चाक म्हणत होते, त्यानं ते तुझ्या हाती दिलं."

तो चाकाला बसला, रस्त्याकडे तोंड करून, उजवा हात मांडीवर उघडा टाकून. डाव्या हातानं दांडा अडखळत फिरला, मग जरा बरा फिरला. बायकोनं तंतू आकड्याला घातले आणि पहिलं पाऊल मागे टाकलं.

"मुंडी डावीकडेच मार," तो म्हणाला. "तुझी आहे ती. दुकानदाराला तसंच सांगेन. घेतला तर घेतला."

"फिरव देवा फिरव," म्हातारीनं सुरू केलं. पेड लांब होत गेला, पावलं मागे पडत गेली. अंगणाच्या मध्यावर आल्यावर गाणं थांबलं. बायकोनं सासूकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. ओठ पांढरे पडले होते. तिच्या मागून, लांबून, मोटारसायकलचा आवाज येत होता.

पण चाक थांबलं नव्हतं. दांडा हळू झाला, एकदा अडला, आणि पुन्हा फिरला.

"चाल," तो म्हणाला. "मी बघतोय."

तिनं पाऊल मागे टाकलं.